अर्ध्या सुताचा फरक

सहदेव मेस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचा आणि मग बसायचा. आमच्याकडे तर हे हक्कानं चालायचं. दारात चपला काढतानाच त्याची नजर गणपतीकडे जायची. दोन बोटांनी तसबिरीचा खालचा कोपरा ढकलायचा, एक डोळा मिटून दाराच्या चौकटीशी ताडून बघायचा, मग आमच्या लग्नाच्या फोटोकडे वळायचा. सगळं मनासारखं झालं की म्हणायचा, "हां, आता झकास." आठवड्यानं पुन्हा यायचा तेव्हा तसबिरी पुन्हा होत्या तशा तिरक्या. मग तो खिळ्यांना नावं ठेवायचा.

"विद्याधरराव, तुमचे खिळे बोगस आहेत."

"खिळे चांगले आहेत रे, तुझे डोळे बोगस आहेत," मी म्हणायचो. नलिनी, म्हणजे माझी बायको, चहा आणता आणता हसायची. तोही हसायचा. त्याला 'लेव्हल मेस्त्री' हे नाव मीच ठेवलं होतं. आमच्या बिल्डिंगमधली बहुतेक टोपणनावं माझीच. दुसऱ्याचं व्यंग मला चटकन दिसतं, आणि दिसलं की जीभ आवरत नाही. खिळेही चांगले होते आणि मेस्त्रीचे डोळेही चांगले होते, हे कळायला मला पाच वर्षं लागली.

आमची बिल्डिंग म्हणजे मुलुंड पूर्वेची 'शुभदा'. खाडीच्या अंगाला जुन्या मिठागराच्या जमिनीवर भराव टाकून चंद्रप्रकाश शेठ नावाच्या बिल्डरनं बांधलेली. तळमजला आणि वर चार मजले, लिफ्ट नाही. मी तिसऱ्यावर आणि मेस्त्री बरोबर माझ्या डोक्यावर, चौथ्यावर. सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. सरकारी कचेरीत नोकरी, हस्ताक्षर बरं, आणि कुणाला उलट बोलायला भीत नाही, एवढ्या पात्रतेवर लोकांनी ते लोढणं माझ्या गळ्यात बांधलं.

मेस्त्रीचा बाप काशीराम कणकवलीकडचा. परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात जन्म काढलेला. निवृत्त झाला तेव्हा मिळालेली सगळी ग्रॅच्युइटी त्यानं मुलाच्या ब्लॉकमध्ये घातली आणि वर्षभरात गेला. मागे त्याचा पितळी ओळंबा राहिला, भिंत ताठ आहे का ते दोरीला टांगून बघायचा. मेस्त्रीनं तो दोरीसकट देवघराशेजारी टांगून ठेवला होता. बापाला वाटायचं पोरानं रंधा धरावा. पोरानं फोर्टातल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या बॅगा उचलल्या, अकरा वर्षं. म्हाताऱ्यानं दुकान बंद केलं तेव्हा चांगले कॅमेरे नातेवाइकांनी नेले. कुणालाच नको असलेलं एक भिंग उरलं, ते मेस्त्रीला मिळालं.

त्या भिंगाचं कौतुक त्यानं मला दहादा तरी ऐकवलं असेल. साध्या कॅमेऱ्यानं उंच इमारत काढायची तर कॅमेऱ्याचं तोंड वर करावं लागतं. तोंड वर केलं की इमारत वर निमुळती होत जाते आणि मागे पडायला आल्यासारखी दिसते. या भिंगाला दोन स्क्रू होते. एक फिरवला की भिंग कॅमेऱ्यावर जागच्या जागी वर सरकायचं. कॅमेरा नाकासमोर बघत राहायचा आणि तरी गच्चीपर्यंतची इमारत ताठ उभी आत यायची. दुसरा फिरवला की भिंग जरासं झुकायचं, मग पायाशी असलेल्या तुळशीपासून लांबच्या कळसापर्यंत सगळं स्वच्छ उमटायचं. एका प्रवासी कंपनीच्या पुस्तिकेसाठी त्यानं कोकणातली देवळं अशीच काढली होती. दीपमाळ कशी सरळ आलीय बघा, म्हणून तो मला ती पुस्तिका दाखवायचा, आणि मी मुद्दाम दीपमाळ सोडून फोटोत तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंबद्दल विचारायचो.

"म्हणजे बिल्डर लोकांची पापं सरळ करायचं यंत्र आहे हे," मी म्हणालो होतो.

"नाय हो. जे सरळ आहे ते सरळच दिसलं पायजे. भिंगामुळे ते वाकडं दिसता कामा नये, एवढंच."

या एका गोष्टीवर त्याची श्रद्धा होती. दुसरी श्रद्धा आपल्या घरावर.

एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरातला रविवार होता. चंद्रप्रकाश शेठला पुढच्या बिल्डिंगच्या जाहिरातीसाठी 'शुभदा'चा फोटो हवा होता. घरचाच फोटोग्राफर म्हटल्यावर मेस्त्रीला सांगितलं. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर मेस्त्री कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवून उभा. नवरदेवाचा बाप असल्यासारखा नवा शर्ट घातलेला. मी पायजम्यावर खाली उतरलो होतो, कारण कांद्याची गाडी आली होती.

तीन किलो कांदे घेतले आणि तीन जिने चढायचा कंटाळा आला. चौथ्या मजल्यावरून मेस्त्रीच्या बायकोची, रत्नप्रभाची, पिशवी दोरीनं खाली आलेली होतीच. पाव, भाजी, सगळं ती तसंच वर ओढून घ्यायची. मी आमचे कांदे तिच्या पिशवीत टाकले आणि ओरडून सांगितलं, "वहिनी, ओढा वर, नलिनी येऊन घेईल." ती ओढायला लागली. पिशवी पहिल्या मजल्याच्या वर गेली असेल नसेल तोच इकडून मेस्त्री ओरडला, "गॅलरीत कोण हलू नका. ऊन चांगलं आहे." भिंतीवर ऊन पडलं होतं ते पाच-सात मिनिटांचं, आणि त्याला शटर सावकाश उघडायचं होतं. रत्नप्रभा दोरी धरून तशीच उभी राहिली. तीन किलो कांदे अधांतरी. वारा औषधालाही नव्हता.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. कॅमेऱ्यावर काचेची एक बारकी नळी बसवलेली असायची, आत पाणी आणि बुडबुडा. बुडबुडा मधोमध असला की कॅमेरा समतल, हे मला त्यानंच शिकवलेलं. आधी तो मधोमध होता. मेस्त्रीनं डोळा लावला, कपाळाला आठी घातली, आणि बिल्डिंगचा कोपरा चौकटीला समांतर येईपर्यंत कॅमेरा हळूच एका अंगाला कलवला. बुडबुडा डावीकडे गेला.

"मेस्त्री, बुडबुडा पळाला की रे तुझा."

"जुनी नळी आहे ती. म्हाताऱ्याची."

"नीट बघ एकदा."

तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "विद्याधरराव, बिल्डिंग कोरी करकरीत. बापाचा घाम आहे तिच्यात. खोटं कोण असंल, बिल्डिंग की नळी?"

मी हसलो. त्याचा धंदा, त्याची नळी, आपल्या बापाचं काय जातंय. त्यानं शटर उघडलं, मनात आकडे मोजले, बंद केलं. रत्नप्रभानं कांदे वर ओढले.

बुधवारी तो प्रिंट घेऊन आमच्याकडे आला, मागून रत्नप्रभा नलिनीकडे काही मागायला आली होती. बिल्डिंग सुरेख आली होती, ताठ, पाठीमागे नुसतं आकाश. फक्त मधून एक काळी रेघ वरून खाली उतरत होती आणि तिच्या टोकाला पिशवी. रेघ बिल्डिंगला समांतर नव्हती. खाली येता येता खाडीच्या बाजूला किंचित सरकत होती. मेस्त्रीनं बापाची सुतारी पट्टी लावून बघितली. अर्धं सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचं अर्धं.

"एका दोरीनं वाट लावली फोटोची," तो म्हणाला, आणि आमच्या देखत बायकोवर घसरला. "साधी दोरी सरळ धरूक येणा नाय तुका?"

"मी हललंय नाय," रत्नप्रभा म्हणाली. "तुमी म्हटलास थांब, मी थांबलंय."

मला हा प्रकार गमतीचा वाटला. मी वर तेल ओतलं. म्हणालो, वहिनी, तुम्हाला ओळंबा बांधून द्यायला पाहिजे हातात. ती बिचारी खाली मान घालून गेली. रात्री जेवून मेस्त्रीनं बारीक ब्रश घेतला आणि करड्या रंगानं, विटेला वीट, खिडकीला खिडकी जुळवत ती दोरी आणि पिशवी प्रिंटवरून पुसून टाकली. त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढला, आणि पुढच्या सगळ्या प्रती त्यावरून निघाल्या.

त्या फोटोनं त्याचं नशीब काढलं, असं तेव्हा सगळे म्हणत. शेठनं तो कॅलेंडरावर छापला. एक मोठी प्रत काचेत घालून आमच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात लावली. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, जिथे म्हणून विटा चढत होत्या तिथले बिल्डर मेस्त्रीला बोलवायला लागले. त्यानं स्कूटर घेतली. लोक जिना चढताना पाहुण्यांना सांगायचे, हा फोटो आमच्याच बिल्डिंगमधल्यानं काढलाय. मीही सांगायचो.

चौऱ्याऐंशीत पाण्याचे हाल झाले तेव्हा मी पुढाकार घेऊन बिल्डिंगच्या खाडीकडच्या अंगाला बोरिंग खणून घेतलं. कागदांवर सही सेक्रेटरी म्हणून माझी. पाणी खारट लागलं, पण लागलं.

शहाऐंशीच्या सुरुवातीला भिंतींना तडे दिसायला लागले. न्हाणीतलं पाणी जाळीकडे जाईना, खाडीकडच्या कोपऱ्यात साचायला लागलं. दारं आपोआप लागायला लागली. एक दिवस मेस्त्रीनं बापाचा ओळंबा काढला आणि मला गच्चीवर घेऊन गेला. खाडीकडच्या कठड्यावरून त्यानं तो सावकाश जमिनीपर्यंत सोडला. मी खाली जाऊन बघितलं. वर दोरी भिंतीला टेकलेली, आणि खाली ओळंबा भिंतीपासून जवळजवळ वीतभर लांब लोंबत होता.

मी वर आलो तर तो गच्चीवर मांडी घालून बसलेला. मग म्हणाला, "तुमच्या तसबिरी बरोबर होत्या. मी त्या बिल्डिंगच्या मापानं लावत होतो."

सोसायटीनं शेठला पत्र दिलं. शेठचं उत्तर आलं, सोबत पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. बिल्डिंग ताब्यात दिली तेव्हा सरळ होती, तुमच्याच सभासदानं काढलेला फोटो बघा. नंतर कलली असेल तर तुम्ही खणलेल्या बोरिंगमुळे. आता प्रश्न एवढाच उरला की बिल्डिंग पहिल्यापासून कललेली होती की नंतर कलली. पहिल्यापासून असेल तर पायाला आधार देणं, तोवर लोकांना दुसरीकडे ठेवणं, हे सगळं शेठच्या अंगावर. नंतर असेल तर आमचं आम्ही बघायचं, आणि माझ्या सहीचंही बघायचं.

दोन दिवसांनी मेस्त्री खाली आला. हातात बिस्किटाचा जुना डबा, आत एक्क्याऐंशीची मूळ निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेला बारका प्रिंट. न पुसलेला. त्यात दोरी होती.

"ही बघा. दोरी खोटं बोलत नाय. त्या दिवशीच बिल्डिंग कललेली होती, अर्धं सूत. दोरी सरळ होती, मी कॅमेरा वाकडा केला." त्यानं प्रिंट माझ्यापुढे ठेवला. "हा दाखवला तर शेठ सुटत नाय. पण माझं काम संपलं. ज्याच्या फोटोतली बिल्डिंग खोटी, त्याला कोण बोलावणार?"

मी त्याला बसवलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "दाखव. बिनधास्त दाखव. कांदे मी टाकले होते पिशवीत, बुडबुडा मी बघितला. कुणी काही बोललं तर मी आहे ना."

त्या वेळी मी मनापासून बोललो होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

सभेच्या आधीच्या आठवड्यात चंद्रप्रकाश शेठनं मला अंधेरीच्या ऑफिसात बोलावलं. सरबत दिलं. म्हणाला, "सेक्रेटरीसाब, मुलुंड पश्चिमेला माझी नवी बिल्डिंग होते आहे. खाली पूर्ण खडक. दुसऱ्या माळ्यावर एक ब्लॉक तुमच्या ब्लॉकच्या बदल्यात देतो. वरचा पैसा नको."

"आणि मी काय करायचं?"

"कुछ नहीं. काय बोलायचंच नाही. बोरिंगच्या कागदावर कोणाची सही आहे, ते मी पण बोलणार नाही."

विचार करून सांगतो म्हणालो. बसनं घाटकोपरला येईपर्यंत माझा विचार झाला होता.

सभा मे महिन्यात, रविवारी सकाळी, व्हरांड्यात झाली. वर भिंतीवर तो मोठा फोटो, खाली खुर्च्या. पालिकेचा इंजिनियर कागद घेऊन बसलेला, शेजारी शेठ. बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. नलिनी तिथेच, रत्नप्रभाच्या बाजूला.

मेस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. आधी भिंग समजावायला लागला, दोन स्क्रू, वर सरकणं, झुकणं. लोकांना जांभया आल्या. मग त्यानं बारका प्रिंट इंजिनियरच्या हातात दिला, पट्टी दिली, आणि सगळं सांगितलं. बुडबुडा सरकला होता, मी ऐकलं नाही. दोरी तिरकी आली, मी ती पुसली. वर लावलाय तो फोटो खोटा आहे. हे शेवटचं वाक्य बोलताना तो फोटोकडे बघत नव्हता, रत्नप्रभाकडे बघत होता.

शेठ शांतपणे म्हणाला, "म्हणजे तू स्वतःच बोलतो की तू खोटा फोटो काढला. तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस? आणि दोरी वाऱ्यानं हलते यार. दोरीवर कधी बिल्डिंगचा फैसला होतो काय?"

दोन-तीन जण हसले. इंजिनियर मात्र हसला नाही. त्यानं खिशातल्या बारक्या भिंगाखाली प्रिंट धरून नीट बघितला आणि विचारलं, "वारा नव्हता याला कुणी साक्षीदार आहे? पिशवीत वजन होतं का?"

"आहे ना," मेस्त्री म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उजळला. "विद्याधरराव तिथंच होते, माझ्या शेजारी. कांदे त्यांनीच टाकले, तीन किलो. बुडबुडा सरकला म्हणून पण त्यांनीच सांगितलं. त्यांनाच विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मला सगळं आठवत होतं. नव्या शर्टाची इस्त्रीची घडीसुद्धा आठवत होती.

"पाच वर्षं झाली," मी म्हणालो. "मला काही आठवत नाही."

"विद्याधरराव," मेस्त्री म्हणाला, "कांदे. तुम्हाला जिना चढायचा कंटाळा आला होता."

"अरे, आठवत नाही तर आठवत नाही. तुझ्यासाठी खोटं बोलू का मी?"

यावर मात्र सगळेच हसले. मला हसवता येतं, ते मी आधीच सांगितलंय. मेस्त्रीनं इंजिनियरच्या हातून आपली पट्टी परत घेतली आणि बसला. रत्नप्रभा नलिनीकडे बघत होती, आणि नलिनी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे.

इंजिनियरनं लिहिलं, सुरुवातीपासून कल असल्याचा पुरावा नाही. त्याची चूक नव्हती. पुरावा खुर्चीत बसून गप्प राहिला होता.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. आमच्याकडे घर खरंच फिरलं होतं आणि लोकांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. मेस्त्री आयताच सापडला. शेठचा माणूस आहे, आधीच बोलला असता तर, इथपासून सुरुवात झाली. मग त्याच्या स्कूटरची सीट फाटली. मग गणपतीच्या वर्गणीला त्याच्या दारात कुणी गेलं नाही. बिल्डरांची बोलावणी महिन्याभरात थांबली, कारण शेठनं ही गोष्ट अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत रंगवून सांगितली होती. लोक त्याला 'दोरीवाला' म्हणायला लागले. हे नाव माझं नाही. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो.

नलिनी सभेच्या रात्री एकदाच बोलली.

"अहो, कांदे आपले होते."

"हो."

"मग?"

"मग काय? तुला पश्चिमेला राहायला जायचंय की नाही?"

ती आत निघून गेली. पुढे तिनं तो विषय काढला नाही, आणि नव्या घराचे पडदे मात्र स्वतः जाऊन निवडले. आम्ही दोघांनी मिळून एका माणसाचा केसानं गळा कापला, असं मला म्हणायचंय.

डिसेंबरात आम्ही हललो. हमालांनी सामानाबरोबर व्हरांड्यातला तो मोठा फोटोही उचलून आणला. चुकून आला. मी परत पाठवला नाही. फोटो चांगला होता.

सत्त्याऐंशीच्या जुलैत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधला जिन्याचा टप्पा खाली आला. त्यावर रत्नप्रभा होती. दळण घेऊन चढत होती. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला, सळई घातली, आणि तो पाय कायमचा बोटभर आखूड राहिला. पालिकेनं दोन तासांत बिल्डिंग रिकामी केली. मेस्त्रीचं भिंग आणि कॅमेरा हॉस्पिटलात गेले, म्हणजे विकून त्या पैशांवर पाय जोडला. त्यांना दिंडोशीला संक्रमण शिबिरात खोली मिळाली. हे मला जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं. भेटायला जायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा माझं डोकं दुखलं.

पुढच्या वर्षी तोच आला. दार उघडलं तर बाहेर मेस्त्री, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. वाळला होता, केस पांढरे झाले होते. शिबिरातली खोली कायम व्हायला जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरीची चिठ्ठी लागत होती, की हा माणूस चौथ्या मजल्यावर राहत होता म्हणून.

"एवढं आठवत असंल ना?" तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच खात्री नव्हती.

मी चिठ्ठी लिहून दिली, सुवाच्य अक्षरात, सही केली. विचारायला हवं म्हणून विचारलं, "काय करतोस हल्ली?"

"गोरेगावात एका दुकानात पासपोर्टचे फोटो काढतो. लोकांच्या माना सरळ करतो."

"आणि वहिनी?"

"बरी आहे. तळमजला आहे ना आता. दोरी लागत नाय."

नलिनीनं चहा आणला. त्यानं घेतला. कप ठेवून उठला आणि सवयीनं भिंतीकडे गेला. तो गणपतीपाशी थांबला, लग्नाच्या फोटोपाशी थांबला, दाराच्या चौकटीकडे बघितलं. कशालाही हात लावला नाही.

"चांगलं बांधलंय," तो म्हणाला. "सगळं ओळंब्यात आहे. इथं तुम्हाला काय भीती नाय."

हे त्यानं मनापासून सांगितलं. त्या माणसाला माझ्या घराची काळजी वाटली होती.

मग त्याला सोफ्याच्या वरचा तो मोठा फोटो दिसला. 'शुभदा', ताठ, पाठीमागे नुसतं आकाश. तो जवळ गेला. जिथे त्यानं दोरी पुसली होती तिथे, चौथ्या मजल्यापासून खाली, त्यानं काचेवरून बोट फिरवलं. खिशातून बापाची पट्टी काढली, लावली, आणि दोन बोटांनी तसबिरीचा खालचा कोपरा डावीकडे ढकलला. एक डोळा मिटून बघितलं. अजून जरासा ढकलला. बिल्डिंग खाडीच्या बाजूला कलली.

"मोठी प्रत आहे," तो म्हणाला. "हिला पुरं एक सूत लागतं. आता बरोबर आहे."

चिठ्ठी पिशवीत घालून तो गेला. जिन्यावरची त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली. नलिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली. कशाला लपवू, रडू येईल इतकी वाटली.

खालचं फाटक वाजलं. मग मी उठलो आणि तसबीर सरळ केली.